मार खाण्याची तालीम

शनिवारी दुपारी लाकडाच्या गिरणीतून सुटलेला एझेल टार्पली अंगावरचा भुसा झटकत चर्चच्या तळघरात शिरला, तो बायकोला जेवायला बोलवायला. घरी मक्याची भाकरी गार होत होती. वर्लीन मात्र वीस जणांना मार खायला शिकवत होती: उलट हात उगारायचा नाही, दोन्ही हात मानेमागे गुंफून घ्यायचे. सोमवारी हे सगळे मतदारयादीत नाव घालायला कोर्टाच्या पायऱ्यांवर जाणार होते, आणि काळा माणूस त्या पायऱ्या चढला की शेरिफचे शिपाई काय करतात, हे त्या काळी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"बरा आलास," वर्लीन म्हणाली. "तू शिपाई हो. मार मला."

एझेलने तिच्या गालाला नुसता हात लावला.

"अगं बाई, हा तर लाडात आला!" म्हातारी लुटीमावशी खिदळली.

"जोरात, एझेल. शिव्या दे. थुंक."

"नाही जमायचं मला. बावीस वर्षांत तुझ्यावर हात उगारला नाही मी."

"मग सोमवारी घरीच बस. मला पडलेली बघून तू गुद्दा उगारलास, तर त्यांना तेच हवंय. तेवढं निमित्त पुरे, सगळ्यांना गोळ्या घालतील."

एझेल घरी बसला नाही. बसेल कसा?

सोमवारी दुसऱ्याच पायरीवर शिपायाचा दंडुका सरळ वर्लीनच्या तोंडावर बसला. दात उडाले. लुटीमावशीला केसांना धरून फरफटत नेलं, मागच्यांवर कुत्री सोडली. वर्लीन पडली तरी तो नराधम तिला बडवतच होता. रस्त्यापलीकडून एझेल धावत आला, मूठ आवळून. शिपाई हसला आणि त्याचा हात पिस्तुलाकडे गेला.

"एझेल, हात!" तोंडातल्या रक्तातून वर्लीन ओरडली.

मूठ सुटली. एझेलने दोन्ही हात स्वतःच्या मानेमागे गुंफले आणि तो बायकोवर पालथा पडला. मग तिघा शिपायांनी मिळून त्याला हात दुखेपर्यंत झोडपलं. त्याचा डावा डोळा तिथेच गेला. गोळी मात्र सुटली नाही. यादीत नाव एकाचंही चढलं नाही.

पुढच्या शनिवारी तळघरात चाळीस जण आले. जबडा बांधलेली वर्लीन खुर्चीवर बसून खुणांनी शिकवत होती. इमोजीन नावाची तरुण मास्तरीण पहिल्यांदाच आली होती. तिने विचारलं, "शिपाई कोण होणार?"

डोळ्यावर पट्टी बांधलेला एझेल उठला.

"माफ कर पोरी," तो म्हणाला, आणि त्याने खाडकन तिच्या मुस्कटात मारली. इमोजीनचा हात वर आला, अर्ध्यावर थांबला, मग मानेमागे गेला.

"अस्सं. आता पुन्हा," एझेल म्हणाला. त्याच्या उरलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

ज्यांची नावं न मागता यादीत चढतात, त्यांनी त्या चपराकीचा आवाज एकदा तरी ऐकावा.