दोन निळे कॅन, एक लाल चिंधी

मी दयानंदची जीप बोलतेय. कोळवणच्या खोऱ्यात, डोंगराच्या पोटाशी आमची दहा घरांची वस्ती आहे. तिथे दयानंदच्या पडवीला लागून मी उभी असते. माझा आवाज कापरा वाटला तर समजून घ्या. महिन्यापूर्वी मी अशी नव्हते. आता कुणी कॅन घेऊन माझ्या मागच्या अंगाला आलं, की माझा पत्रा न् पत्रा ताठ होतो.

माझं वय बावीस. माझा पहिला मालक पुण्याचा. त्यानं इथली भातखाचरं घेतली, फार्महाऊस बांधलं, मला हौसेनं आणलं, दोन पावसाळे मिरवलं आणि मग ताडपत्रीखाली विसरून गेला. माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. तिथे बागकाम करणाऱ्या दयानंदनं एक दिवस धीर केला. "साहेब, सडून चाललीय ही. मला द्या." तेव्हापासून मी वडापाची, माणशी भाडं घेऊन माणसं नेणारी, गाडी झाले. सकाळी पौडला, दुपारी परत. कॉलेजची मुलं, दुधाचे कॅन, एकदा तर आजारी रेडकू. माणसं माझ्यात कोंबून बसतात आणि वर एकमेकांना म्हणतात, "सरका की जरा, लई जागा हाय." मला त्याची मजा वाटायची. अभिमान एकाच गोष्टीचा होता. चावी फिरवली की मी एका दमात सुरू व्हायचे.

पेट्रोलपंप पौडला. म्हणून पडवीत दोन निळे कॅन भरून ठेवलेले असतात. एकात माझं डिझेल. दुसऱ्यात पेट्रोल, दयानंदचा धाकटा भाऊ विकी फार्महाऊसवरचं गवत ज्या यंत्रानं कापतो त्याच्यासाठी. कॅन अगदी जुळे. पेट्रोलच्या कॅनच्या मुठीला एक लाल चिंधी बांधलेली असायची. ती चिंधी दोघा भावांची खूण होती. इतर कुणाला त्यांनी ती कधी सांगितली नाही. सांगायची गरज आहे, असंही त्यांच्या मनात आलं नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हत्याराची पूजा होते. कोयता, विळा, पहार, गवत कापायचं यंत्र, मी, सगळे. दोघा भावांच्या आई सगुणाबाई पहाटेपासून ओढ्यावर हत्यारं घासत होत्या. मग त्यांनी पडवीतले भरलेले कॅनही घासून पुसले. मुठीची चिंधी त्यांना दिसली.

"देवाम्होरं असलं मळकं चिंधूक कशाला?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. चिंधी सोडली, धुतली आणि दोरीवर वाळत घातली. मग दोन्ही कॅनना सारखीच हळद, सारखंच कुंकू आणि झेंडूच्या सारख्याच माळा. मलाही बोनेटवर माळ मिळाली. मी खूश होते. कॅनकडे माझं लक्षही नव्हतं.

दुपारी चारच्या सुमाराला विकीची बायको नम्रता दसऱ्याच्या तोरणासाठी भाताच्या लोंब्या आणायला खाचरात गेली. तिची किंकाळी घरापर्यंत आली. बांधावर घोणस होती. पायाच्या घोट्यावर दोन थेंब रक्त, आणि बघता बघता पाय सुजायला लागला.

१०८ची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन पुण्याकडे गेलेली होती. "मंग आपलीच काढ, पौडच्या दवाखान्यात न्यू!" दयानंद ओरडला. पूजलेलं हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत, पण ते कुणाला आठवलंही नाही. माझा डिझेलचा काटा तळाला टेकला होता. विकी पडवीत धावला, हाताला लागला तो माळेचा कॅन उचलला आणि माझ्या टाकीत उपडा केला. अंगणभर धुपाचा वास होता, त्यात पेट्रोलचा वास कुणाला आला नाही.

पहिला घोट आत आला आणि मी हादरले. डिझेल ओशट असतं, माझ्या इंजिनातल्या पंपाच्या प्रत्येक भागावरून तेलासारखं फिरतं. हे कोरडं होतं, झोंबरं होतं. पेट्रोल! मला ओरडायचं होतं, हे माझं नाही, हे मला जाळून टाकेल, ही पोर वाटेत अडकेल. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून मागणं मागितलं, की आज मी सुरूच होऊ नये.

पण नळीत जुनं डिझेल शिल्लक होतं. दयानंदनं चावी फिरवली आणि मी एका दमात सुरू झाले.

आमच्या वस्तीपासून एसटीच्या फाट्यापर्यंत तीन किलोमीटर. अर्धी वाट खिंडीपर्यंत चढ, मग फाट्यापर्यंत उतार. चढाला लागलो आणि माझ्या छातीत घण पडायला लागले. ठक, ठक, ठक. मागून पांढरा धूर. ताकद जाऊ लागली.

"काय झालं हिला?" विकी ओरडला.

"गप. तिला धर तू नीट." दयानंदनं मागे वळून पाहिलं. नम्रताचा पाय सगुणाबाईंच्या मांडीवर होता. पायावर दंशाच्या वर लाल कापड बांधलं होतं.

"आई, ही चिंधी कुटली?"

"दोरीवर वाळत व्हती, हाताला आली. घट न्हाई बांधली."

"आगं, कुटली म्हंतो मी!"

"कॅनची. सकाळी धुतली न्हाई का."

माझ्या टाकीत कुठला कॅन गेलाय, ते दयानंदला उमगलं. तिथेच थांबला असता, तर मी वाचले असते. टाकी रिकामी करायची, नळ्या धुवायच्या, झालं. पण त्या चढावर ना फोनला रेंज, ना दुसरी गाडी. नम्रताच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

त्यानं माझ्या डॅशबोर्डवर तळवा टेकवला. "बये, चढ तेवढा काढ. म्होरलं मी बघतो."

मी किती भ्याले होते ते कसं सांगू? पंपात लोखंडावर लोखंड घासत होतं. एकेक वळण मी मोजत होते. नम्रता पुटपुटत होती, "अंधारी येतीया ओ." आणि विकी नुसता तिचं नाव घेत होता. खिंडीतलं वडाचं झाड दिसलं. ते मागे पडलं. तिथेच माझ्या आत काहीतरी तुटलं आणि मी बंद पडले.

पण तोंड उताराकडे होतं. दयानंदनं गिअर काढला आणि मी मुकाट घरंगळत निघाले. इंजिनाविना ब्रेक दगडासारखा झाला होता. तो दोन्ही पायांनी दाबत होता. खाली हाडशीकडून येणारी एसटी दिसली. दयानंदचा हात हॉर्नवर, आणि मी, तेवढाच आवाज उरलेली, ओरडत फाट्यावर आडवी उभी राहिले.

एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "मरायचंय का रं?" मग आत बघितलं. "चढवा तिला. ओ मंडळी, आता पौडपातुर एकबी स्टॉप न्हाई!" सगळी एसटी एका आवाजात म्हणाली, "चालंल, चालंल!"

मी फाट्यावर एकटी राहिले. अंधार पडेपर्यंत ती वाचली की नाही, हे मला सांगायला कुणी आलं नाही. त्याहून मोठी भीती मला ठाऊक नाही.

नम्रता सहा दिवसांनी घरी आली, लंगडत. सगुणाबाई उंबऱ्यावरच रडायला लागल्या. "माज्या हातानं झालं गं हे."

नम्रता सासूला आत्या म्हणते. ती म्हणाली, "आत्या, तुमाला त्या चिंधीचं कुनी सांगितलंच न्हवतं की. घर तुमी झाडायचं, कॅन तुमी घासायचे, आन् खूण मातर ह्या दोघांच्या डोक्यात!"

माझा पंप पुण्याहून दुरुस्त होऊन परवा बसला. मी आता तिसऱ्या दमाला सुरू होते, खोकते. कॅनवर नम्रतानं रंगानं मोठी नावं लिहिलीत. सगुणाबाईंना वाचता येत नाही, म्हणून पेट्रोलच्या कॅनला नवी लाल चिंधीही आहे, आणि आता तिचा अर्थ अख्ख्या वस्तीला माहीत आहे.

माणसांनो, तुमच्या घरातही अशा खुणा असतील. औषधाच्या बाटलीवर, खताच्या पोत्यावर, विजेच्या बटणावर. फक्त खूण करणाऱ्यालाच ठाऊक असलेली खूण एक दिवस धुतली जाते. जे घासतात, पुसतात, आवरतात, त्यांना आधी सांगा. मी हात जोडते, मला हात नसले तरी.

आता विकी कॅन घेऊन येतोय. माझी टाकी आक्रसते. झाकण उघडलं. कॅन तिरपा झाला.

"थांब!" पडवीतून सगुणाबाई आल्या. वाकून कॅनच्या तोंडाशी नाक नेलं, एकदा, पुन्हा एकदा. मग माझ्या पत्र्यावर हात ठेवला.

"डिझेलच हाय. भिऊ नगंस, बाय. वत रे."