उदारामचा अर्ज

"फुकट? म्हणजे काहीच नाही?" उदारामने पुन्हा विचारलं.

ईश्वरदास वकील हसले. "अरे भाई, कितीदा विचारशील? कोर्टाचा स्टॅम्पही माफ करून मागू. गरिबासाठी तसा कायदा आहे. तू फक्त खरं बोल."

साल १९३८. उदाराम गोंदियाच्या एका राइसमिलमध्ये भट्टीत कोंडा टाकायचा. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा तीन वर्षांच्या प्रेमिलाला तिचा मामा गोवर्धन आमगावला घेऊन गेला. आता तो तिला परत द्यायला तयार नव्हता. "पोरीले भट्टीपाशी निजवशील का?" म्हणत त्याने उदारामला दारातूनच हाकललं होतं. उदारामने कुणाकुणापुढे हात जोडले. शेवटी मिलच्या अंगणात धान वाळवणाऱ्या अनुसयाबाईने त्याला ईश्वरदासांचं घर दाखवलं.

तिथून तो मिलपर्यंत पळतच आला. "अनुसयाबाई! वकील माह्यासाठी भांडून राहिला! फुकट!"

"मंग नाचून कायले राहिला गा? जाय, घर लिपून ठेव," ती म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना.

पेशीच्या दिवशी भंडाऱ्याच्या कोर्टात जज्जसाहेबांनी विचारलं, "तू कामावर असताना मुलीकडे कोण पाहणार?"

उदाराम वकिलाकडे पाहू लागला. तेवढ्यात मागून अनुसयाबाईचा आवाज आला, "मी पाहीन ना! याच्या घराले लागून माह्यं घर आहे. दोन नातनी सांभाळतो, तिसरी जड होते का?"

कोर्टात हशा पिकला. चपराशी "चूप!" म्हणून ओरडला. ईश्वरदासांनी लगेच अनुसयाबाईलाच साक्षीला उभं केलं.

दुपारी निकाल लागला. पोरगी बापाची! उदारामने वकिलाचे पाय धरले, कारकुनाचे धरले, चपराशाचेही धरायला निघाला, तेव्हा ईश्वरदासांनी त्याला ओढून बाहेर नेलं. "आधी मुलीला घे, वेड्या!"

प्रेमिला मामाच्या धोतराला घट्ट धरून उभी होती. उदारामने हात पुढे केले, तशी ती आणखीच मागे सरली. शेवटी अनुसयाबाईने तिला कडेवर उचललं.

भंडारा रोड स्टेशनवरही पोरगी सारखी वळून पाहत होती. फलाटाच्या टोकाला गोवर्धन एकटाच पाठ करून बसला होता. उदाराम उठून त्याच्याकडे गेला.

"आमच्याच डब्यात बस गा. तुले बी याच गाडीनं जायाचं आहे ना?"

"जिंकला ना तू? आता कायले बोलावून राहिला?"

"दोन वर्स तूच सांभाळली तिले. बजाराच्या दिवशी येत जाय. तू नाही आला, त मी घेऊन येईन तिले."

गोवर्धनने पंच्याने तोंड पुसलं आणि तो उठला.

गाडीत प्रेमिला मामाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेली. तिरोडा स्टेशन सुटल्यावर झोपेतच तिने पाय पसरले आणि ते उदारामच्या मांडीवर आले. गोंदियाच्या अलीकडचं गंगाझरी मागे पडेपर्यंत त्याने मांडी हलवली नाही.