दोघींची दुसरी स्टेज

राईसाला थायरॉइडच्या कॅन्सरची दुसरी स्टेज निघाली तेव्हा ती रडली नाही. महिन्याभराने लेकीला, स्नेझानालाही दुसरीच निघाली, तेव्हा मात्र ती ढसाढसा रडली, आणि तेही आनंदाने. ऐकणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटेल. पण गोमेलमधल्या आमच्या वसाहतीत सगळी चेर्नोबिलनंतर उठवलेल्या गावांचीच माणसं. इथे शेंबड्या पोरालाही हा हिशेब पाठ असतो: पहिली म्हणजे सुटलो, दुसरी म्हणजे निभेल, तिसरी म्हणजे चर्चमध्ये मेणबत्ती लावा, आणि चौथीचं कुणी विचारत नाही.

"दोघींना दुसरी?" इमारतीखालच्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलता सोलता शेजारची ल्यूबा म्हणाली, "तुम्हा मायलेकींचं सगळंच बाई जोडीनं! आमच्या घरधन्याला, मिखासला, थेट चौथीत घातलं होतं. पहिली-दुसरी बघूही दिली नाही मेल्यांनी."

"बघ ना," राईसा म्हणाली. तिचा जीव खरंच भांड्यात पडला होता.

त्याला कारणही तसंच होतं. तेहेतीस वर्षं ती एक गोष्ट पोटात ठेवून जगत होती. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली त्या वसंतात ती लोझकी गावात होती, स्नेझाना तीन वर्षांची होती आणि गोठ्यात झोरका गाय नुकतीच व्यायली होती. दवाखान्यातली नर्स दारोदार सांगत आली, दूध पोरांना देऊ नका, ओतून द्या. दूध ओतायचं? आमच्याकडे भाकरीचा तुकडा खाली पडला तर लोक उचलून त्याचा मुका घेतात. राईसाने डोकं चालवलं. रोगराईवर तिला एकच उपाय ठाऊक होता. तिने दूध एकदा नाही, दोनदा उकळलं आणि पोरीला पाजलं. गाव उठेपर्यंत, सकाळ-संध्याकाळ, साय घालून. किरणोत्साराच्या त्या विषाला चूल काही करू शकत नाही, हे तिला फार उशिरा कळलं. तेव्हापासून तिने घरात दूध आणलं नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिने ताक, दही, लोणी सगळंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायची, मला पचत नाही.

म्हणून तिला ती बरोबरी हवी होती. आपल्याला आहे तेवढंच लेकीला आहे, तसूभरही जास्त नाही, म्हणजे आपल्या दुधाने तिचं वेगळं वाईट केलं नाही. दोघींच्या मानेवर सारखाच आडवा व्रण होता. "एकाच सोनाराकडची माळ," स्नेझाना हसून म्हणायची. ती बालवाडीत गाणं शिकवायची. हल्ली आवाज बसला होता, खोकलाही होता, पण ऑपरेशननंतर असं होतंच, असं तिनेच आईला सांगितलं होतं.

शरद ऋतूत राईसा आपल्या तपासणीला गेली. डॉक्टर आर्काद विकेंतियेविच म्हातारे, जुन्या वळणाचे. आमच्याकडचे जुने डॉक्टर रोग्याशी कमी आणि घरच्यांशी जास्त बोलतात. वाईट बातमी आधी नातेवाइकाच्या कानात जाते, हाच रिवाज. त्यांनी राईसाचे रिपोर्ट पाहिले, मान डोलावली.

"तुमचं छान आहे, राईसा पेत्रोव्ना. मानेतल्या गाठी गेल्या, किरणोत्सारी आयोडीनच्या एकाच डोसात सगळं स्वच्छ."

"मग माझ्या पोरीला दोन डोस का दिले? आता ते बंद करून गोळ्या का सुरू केल्या? दुखणं तर सारखंच. तिचीही दुसरी, माझीही दुसरी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तिने तुम्हाला काय सांगितलंय?"

"दुसरी म्हणून."

"दुसरीच आहे. ती खोटं बोलली नाही." त्यांना वाटलं, आईला फुफ्फुसाचं माहीत असणार, फक्त स्टेजचा घोळ झालाय. त्यांनी कागद ओढला आणि समजावू लागले. "हे बघा. ह्या एका कॅन्सरला आम्ही वय विचारतो. तुम्ही पंचावन्नच्या पुढच्या. तुम्हाला चार पायऱ्या. मानेतल्या गाठींपर्यंत पोचला, म्हणून दुसरी. पंचावन्नच्या आतल्यांना दोनच. मानेत आहे तोवर पहिली. मानेबाहेर लांब गेला, तिच्यासारखा फुफ्फुसात, की दुसरी. पुढे पायरीच नाही."

"का नाही?"

"तरुण माणसं बहुतेक वाचतात म्हणून."

राईसा त्या 'बहुतेक'पाशी अडली. म्हणाली, "आणि माझ्या वयाची असती तर?"

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला.

"सांगा की हो. मला कळू द्या."

"चौथी," ते म्हणाले. "पण ती तुमच्या वयाची नाहीये. फुफ्फुसातल्या गाठींनी आयोडीन शोषून घेतलं असतं, त्यातच जळाल्या असत्या, तर मी काळजी केली नसती. त्या घेत नाहीत. गोळ्यांनी थोडा वेळ मिळेल. किती, ते मला विचारू नका."

राईसा उठली. दाराशी वळून म्हणाली, "मी इथे काही विचारलं, हे तिला सांगू नका." घरापर्यंतचा रस्ता ती चालतच आली. लेक सगळं जाणून होती आणि आईचा आनंद मोडू नये म्हणून सहा महिने 'दुसरी, दुसरी' करत हसत होती. त्या हसण्यानेच राईसाच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

स्नेझाना स्वयंपाकघरात उभी होती. टेबलावर दुधाची पिशवी होती.

"हे कशाला आणलंस?" राईसाचा आवाज चिरकला.

"खोकल्याला गरम दूध बरं असतं. ओरडू नकोस." स्नेझाना खुर्चीत बसली, दम खाल्ला. "आई, मला माहीत आहे. आजीने सांगितलं होतं, मी शाळेत असतानाच. झोरकाचं. दोनदा उकळल्याचं."

राईसाने ओट्याची कड धरली.

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कुठे बोललीस? आणि बोलायचं काय त्यात! मलाही काय कळलं असतं? मीही उकळलंच असतं." तिला खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत दोघी थांबल्या. "आता पुरे झालं ते. तुझी दुसरी, माझी दुसरी. तू बरी झालीस ना? मग मीही होईन."

राईसाने लेकीकडे पाहिलं.

"होशीलच की," ती म्हणाली. "दुसरीला काय होतंय."

तिने माळ्यावरचं जुनं पातेलं काढलं, धुतलं, दूध ओतलं आणि गॅस पेटवला. थेंबही सांडला नाही. दूध वर आलं तसं तिने पातेलं उचललं, खाली बसू दिलं आणि पुन्हा गॅसवर ठेवलं.

"अगं, पिशवीचं दूध आहे," मागून स्नेझाना म्हणाली. "एकदा पुरतं."

"गप बस तू," राईसा म्हणाली, आणि दुसरी उकळी येईपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभी राहिली.