माझ्या कमानीवरचा अंगठा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा घोड्याच्या नालासारखा कसला वाकडा दागिना! पण मी दागिना नाही. मी एक जुना मायक्रोमीटर आहे. माझ्या पोलादी कमानीत वस्तू धरायची, दांडा हलकेच फिरवायचा, की ती किती जाड आहे ते मी सांगतो. तुमच्या एका केसाचे सहा-सात भाग करा; त्यातला एक भाग कमी-जास्त झाला तरी मला कळतो. माणसं मात्र मला इतकी नेमकी कधीच कळली नाहीत.

मला घासूनपुसून आरशासारखं चकचकीत केलं आणि मखमलीच्या पेटीत निजवलं. पेटी उघडली ती पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी खोलीत. तिथल्या तपासनिसांना सगळा कारखाना मामा म्हणायचा. त्यांचे हात लाकडासारखे कोरडे. सव्वीस वर्षं त्यांनी मला उघड्या हाताने धरलं. "याने सांगितलं म्हणजे विषय संपला," असं ते म्हणायचे आणि मी फुगून जायचो. मग मामा निवृत्त झाले. भाचरं त्यांना कारखानाभर होती, पण खरी भाची एकच, आणि तीच त्यांच्या खुर्चीवर आली. सहा महिने काम बघू, मग कायम करू, असं तिला सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी तिने मला फडक्यात गुंडाळून धरलं. दुसऱ्या दिवशीही तेच. माझं मन खट्टू झालं. हिला माझी किळस येते, दुसरं काय! कामगारांनी तिचं नाव 'नाजूकबाई' पाडलं, ते मला अगदी पटलं. पण किळस येते तर ही मला इतक्या जपून का धरते? मला काही केल्या उमगेना.

आणखीही गोष्टी होत्या. धूळ नको म्हणून त्या खोलीत सगळे पायातलं बाहेर काढून येत. ती आली की गुळगुळीत फरशीवर ओल्या पावलांची रांग उमटायची आणि थोड्या वेळाने वाळून जायची. बाहेर रखरखीत ऊन. छत गळतंय की काय, असं मला वाटायचं. ती दिवसातून दोनदा पायमोजे बदलायची, तेही कपाटाआड, चोरी केल्यासारखी. कोणी हात मिळवायला पुढे आलं की नेमकी तिच्या हातात फाईल असायची. मी बुचकळ्यात पडायचो.

पाचव्या महिन्यात एका शनिवारी फोरमनसाहेब पंपांचे शंभर दांडे घेऊन आले. माल न्यायला गाडी दारात उभी होती. "आत्ताच्या आत्ता मोजून द्या," म्हणाले आणि तिच्यासमोरच उभे राहिले. फडकं धुवायला गेलं होतं. तिने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि मला उघड्या हातात घेतलं.

मला कोण आनंद झाला! आणि लगेच मी गांगरलो. तिच्या तळव्यांतून पाणी पाझरत होतं. जितकी घाई, तितकं जास्त. तरी शंभरच्या शंभर मापं बरोबर आली. साहेबांनी तिला तसंच कागदांवर सह्या करायला नेलं, आणि मी न पुसता पेटीत गेलो.

दोन दिवस सुट्टी होती. मंगळवारी पेटी उघडली तर माझ्या कमानीवर तांबूस गंज, अंगठ्याच्या रेषांसकट. मला वाटलं, म्हातारपणी मला कसला तरी रोग लागला.

साहेब भडकले. त्यांनी झाडलोट करणाऱ्या मावशींना बोलावलं. "ओलं फडकं तुम्हीच मारलंत ना? उद्यापासून कामावर यायचं नाही."

"साहेब, इतकी वर्षं झाली, मी त्या पेटीला बोटसुद्धा लावलेलं नाही."

"मग गंज काय आभाळातून पडला?"

भाचीला गप्प बसता आलं असतं. एकच महिना राहिला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती पुढे आली आणि तिने आपला अंगठा माझ्या डागाशेजारी धरला.

"हा माझा आहे, साहेब. लहानपणापासून माझ्या हातापायांना घाम येतो. शाळेत पेपर भिजायचा. औषधं केली, थोडं कमी होतं, परत येतं."

"घाबरता म्हणून येत असेल."

"नाही साहेब. येतो म्हणून घाबरते."

"आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतं का तुम्ही मला?"

साहेबांनी कपाटातून प्रमाण मापाचा ठोकळा काढला आणि माझ्या कमानीत धरला. दांडा फिरवला, चष्मा वर करून आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"माप बिघडलेलं नाही," ते म्हणाले. "उद्यापासून सुती हातमोजे आणि तेलाची बाटली टेबलावर ठेवा. लपवू नका. आणि मावशी, मी चुकलो." महिन्याभराने ती कायम झाली.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट साहेब गेल्यावर घडली. भाची रडू लागली तसा मावशींनी तिचा हात हातात घेतला. तिने झटकन मागे ओढला. "ओला आहे हो."

"माझे कुठे कोरडे असतात? दिवसभर बादलीतच," असं म्हणून मावशींनी तो पुन्हा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, काम झालं की आम्हाला पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवत जा, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. माणसांच्या बाबतीत माझा गोंधळ अजून पुरता फिटलेला नाही. पण कोणी तुमच्यापासून हात मागे घेतला, तर त्याला तुमची किळस येते असं समजू नका. पाच महिने मी तसंच समजत होतो, आणि भाचीला मात्र सारखी भीती होती की लोकांना आपलीच किळस येईल.