पूल ते बोगदा

तीन आठवड्यांच्या रजेनंतर पळीमामा कामावर आले, आगगाडीच्या भटारखान्याचा दरवाजा ढकलला आणि उंबऱ्यातच थिजले.

चूल नव्हती. पातेली नव्हती. खिळ्यावरची लांब दांड्याची पळीही नव्हती. चुलीच्या जागी जमिनीच्या पत्र्यात बोल्टांची चार भोकं उरली होती, दात पडल्यावर हिरडी दिसावी तशी. भिंतीला पांढरी कपाटं लागली होती आणि त्यांच्या पोटात दिवे जळत होते. मामींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी निघताना ह्याच चुलीला हात लावून मामा म्हणाले होते, "येतो गं."

"मामा, आधी बसा," भाची म्हणाली. ती ह्याच गाडीत जेवण वाढायला होती. "फोन करणार होते. जीभच रेटेना."

"अगं, पण चूल गेली कुठं?"

"आता जेवण कारखान्यातून येतं, बंद डब्यांत. आपण नुसतं गरम करायचं. तीन मिनिटं, की टिंग!"

तिनं एक डबा पुढं केला. झाकणावरून त्यांचाच चेहरा हसत होता, मिशीसकट. खाली ठळक अक्षरं: 'पळीमामांच्या हातचं वाटाण्याचं सूप'.

"माझ्या हातचं? माझे हात तर घरी होते, तुझ्या मामीचा गुडघा शेकत!"

मग सगळं आठवलं. चार महिन्यांपूर्वी जेवणखात्याचे नवे साहेब वही घेऊन आले होते. "मामा, सूप कसं करता, सांगा ना." कौतुक कुणाला नको असतं? मामांनी बावीस वर्षांत कधी घड्याळ बघून रांधलं नव्हतं. त्यांचा स्वयंपाक रुळांना बांधलेला, आणि कृती त्यांच्याच गाण्यात:

पूल आला, वाटाणे घाल,
बोगदा सरला, मीठ घाल,
वळण आलं, कान धर,
मग वाडगे काठोकाठ भर.

साहेबांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला, फोटो काढला, पाठ थोपटली. कोंबड्याला दाणे टाकतात तेव्हा त्यालाही असंच भरून येत असेल.

गाडी सुटली. पूल यायच्या आतच सगळ्यांना वाढूनही झालं. मामा नुसते बघत राहिले. तेवढ्यात आईला भेटायला दर महिन्याला जाणाऱ्या शिक्षिकाबाई वाडगा घेऊन आल्या. वाडगा भरलेलाच.

"काय हो मामा? हे वाटाणे की गोट्या? घरी बायको आजारी, म्हणून लक्ष नव्हतं ना? होतं असं."

बाई मायेनंच बोलल्या, म्हणून तर ते जास्त लागलं. बावीस वर्षांत भरला वाडगा परत आला नव्हता. मामांनी एक वाटाणा तोंडात टाकला. कट्! कच्चा.

मागोमाग साहेबही आले. "मामा, गाडीच्या सगळ्या डब्यांतून ओरड आहे. कृती तर तुमचीच. पूल ते बोगदा, वेळापत्रकात बारा मिनिटं. आम्ही बाराच शिजवलं."

"बारा?" मामांनी आ वासला. "अहो, पुलापलीकडं एकेरी रूळ! समोरची गाडी गेल्याशिवाय आपली कधी हललीय?"

"वेळापत्रकात थांबा नाही."

"वाटाण्यांना कुठं वाचता येतं?"

भाचीला हसू आलं. साहेबांना नाही आलं. "मग खरी मिनिटं सांगा. कारखाना उद्याच सुधारेल."

मामांनी बाईंचा वाडगा फळीवर ठेवला. सांगावं, तर सूप जमून जाईल आणि ह्या हातांची गरज कायमची संपेल. न सांगावं, तर डब्याडब्यावरून आपलंच तोंड कच्च्या वाटाण्यांवर हसत बसेल. इकडे आड, तिकडे विहीर. शिवाय खरं सांगायचं तर मिनिटं त्यांनाही ठाऊक नव्हती.

चाकांचा आवाज पोकळ झाला. पूल.

"घड्याळ लाव," मामा भाचीला म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. डावा हात पातेल्याच्या कानाच्या जागी गेला, उजवा हवेतच ढवळू लागला. गाडी थांबली. साहेब घड्याळाकडं बघत, मग खिडकीबाहेर, पुन्हा घड्याळाकडं. कितीतरी वेळानं समोरची गाडी धडधडत गेली. मग बोगद्याचा काळोख आला आणि सरला.

"मीठ," मामा म्हणाले.

"एकेचाळीस मिनिटं," भाची घड्याळ पुढं धरत म्हणाली.

एकेचाळीस? मामांना ती घटकाभराची वाट वाटायची. दर खेपेला इतका वेळ ते चुलीपाशी उभे होते, आणि पायांनी कधी सांगितलंसुद्धा नाही.

"लिहू ना, मामा?" साहेबांचं बोट टॅबवर टेकलेलं.

फळीवर बाईंचा भरला वाडगा होता. मामांनी तो साहेबांपुढं सरकवला.

"लिहा. माणसं उपाशी उठताहेत. पण झाकणावरून मला काढा. कृती दिली होती तुम्हाला, तोंड नव्हतं दिलं."

"अहो, झाकणं छापून झालीत—"

"मग मी खरवडतो." मामांनी चळतीतला पहिला डबा ओढला आणि नखानं मिशी खरवडायला लागले. भाचीनं केसातली पिन काढली, दुसरा डबा घेतला.

इतक्यात गाडी कलली. वळण! मामा डबा टाकून झेपावले, दोन्ही हातांनी पातेल्याचे कान धरायला. मुठी हवेवर मिटल्या.

पांढऱ्या कपाटांत डबे जागच्या जागी गच्च बसलेले होते. एक थेंबही सांडला नाही. सांडण्यासारखं तिथं काही नव्हतंच.