तिसऱ्या वेळी बगळे आले नाहीत

मी एक जुनी घोटणी आहे. मित्रांनो, घोटणी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसणार, आणि त्याची लाजही वाटत नसणार, म्हणून सांगते. हाताने केलेला कागद खळ लावून वाळवला की खरबरीत होतो. मग तो लाकडी फळीवर पसरतात आणि दगडाने घासघासून गुळगुळीत करतात. तो दगड म्हणजे मी. कुकडी नदीच्या पात्रात मी कितीतरी वर्षं नुसती लोळत होते. जुन्नरच्या एका कागद्याने मला उचललं, माझं एक अंग सपाट केलं आणि आपल्या सुनेच्या हातात दिलं. तिचं नाव हाजराबी. पुढे ती कागद घोटायच्या त्या पडवीची मालकीण झाली. प्लेगात मुलगा गेला, सून गेली, उरली एक नात, जहाँआरा. हाजराबीने तिला वाढवलं आणि मला झिजवलं.

हाजराबी गोष्टी सांगायची, आणि चांगल्या सांगायची. आजकाल कोणीही तोंड उघडतो आणि त्याला गोष्ट म्हणतो, तशा नव्हेत. तिचे नियम होते. गोष्ट दिवाबत्तीनंतर सांगायची, कारण दिवसा सांगितली तर ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो. जे होईल ते तीनदा होईल. ओळखीच्या माणसाला गोष्टीत घ्यायचं नाही. सोसणारी सून शेवटी सुखाने सासरी नांदली पाहिजे. आणि गोष्ट अर्धी टाकून उठायचं नाही. घोटण्यालाही नियमच होता, आधी उभा हात, मग आडवा. फक्त कागदाचा ताव पातळ निघाला तर हाजराबी आडवा हात देत नसे. "फाटंल तो," एवढंच म्हणायची. मला ते पुष्कळ दिवस कळलं नाही.

आमच्याकडून कागद नेणारा एक हौशीराम होता, पिंपळवंडीचा. चार बुकं शिकला होता आणि पाचवं स्वतः लिहीत होता. गिरणीच्या स्वस्त कागदावर लिहिता आलं असतं, पण याला माझ्या हाताखालचाच ताव लागे. एकदा पडवीत येऊन त्याने ते वाचून दाखवलं. पहिल्याच ओळीत राजा मेला. मग राणी मेली. पोपटाचा काही संबंध नव्हता, तर तोही मेला.

आमच्यात घोटायला निरगुडसरची कुशाबाई असायची. तिने विचारलं, "पोपट कशानं मेला, भाऊ?"

"असाच. मी जुने नियम मोडलेत, कुशाबाई."

"कोणचे?"

हौशीरामाला एकही सांगता येईना. कुशाबाई म्हणाली, "मोडायच्या आधी इकडं इचारायचं व्हतं. आमी दिले असते."

बायका हसल्या. हाजराबी हसली नाही. ती म्हणाली, "पोरा, तुझ्या गोष्टीत मोडायला काही होतंच कुठं?"

कोरे होते तोवर ते ताव सुंदर होते. असो.

त्याच वर्षी जहाँआरा सासरहून परत आली. सोळा वर्षांची पोर, पायी आली, उजव्या हाताची तीन बोटं भाजलेली. भाकरी करपली म्हणून सासूने तव्यावर हात दाबला होता. हे तिने फक्त आजीला सांगितलं. लग्न ठरवलं होतं तिच्या मामाने, महाळुंगे पडवळच्या राजमहंमदने. बाप नसलेल्या पोरीचा शब्द मामाच्याच हातात असतो, आणि मामाने निरोप धाडला, 'बाजारच्या दिवशी बैलगाडी घेऊन येतो, पोरीला परत पोचवतो, चार लोकांत माझं नाव आहे.' या नावाला लोक फार जपतात. मी दगड आहे, मला नाव नाही, तरी माझं काही अडलं नाही.

हाजराबीने त्याला एकदा सांगून पाहिलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अम्मा, पोरी तिखटमीठ लावून सांगतात." खरं सांगितलं तर गोष्ट म्हणतात, असे हे शहाणे.

बाजारच्या दिवशी भर दुपारी गाडी दाराशी उभी राहिली. राजमहंमद पडवीच्या पायरीवर टेकला. पाणी प्यायला, मिशी पुसली. "चल जहाँआरा, बोचकं आण."

"हिच्या हातातला ताव होऊ दे," हाजराबी म्हणाली. "अर्धा घोटलेला ताव सोडला तर वाया जातो. तू कागद्याच्या घरचा जावई नसलास तरी पाहुणा आहेस, एवढं तुला ठाऊक असेल."

तो बसला. त्या दिवशी मी जहाँआराच्या हातात होते. चिंधी गुंडाळलेल्या बोटांनी तिने मला धरलं होतं आणि तिची पकड सारखी सुटत होती.

आणि हाजराबीने गोष्ट सुरू केली. डोक्यावर ऊन, अंगणात कोंबड्या.

कुशाबाईचा हात थांबला. "बी, अगं दिवसाउजेडी? मामा वाट चुकंल कुणाचा तरी."

"मामा इथं बसलाय," हाजराबी म्हणाली. "चुकला तर इथंच चुकंल. तू हुंकार दे."

गोष्ट सगळ्यांना पाठ असलेलीच होती. एक सून. सासूने तिला नाचणी आणि वरई एकत्र करून दिली, म्हणाली, निवडून आण, नाहीतर जेवण नाही. ती रडली, मुंग्या आल्या, त्यांनी दाणा दाणा निवडला. कुशाबाई म्हणाली, हुं. मग सासूने फुटकी घागर दिली, भरून आण म्हणाली. ती रडली, बेडूक आला आणि भोकात बसला. हुं. मग सासूने काळी घोंगडी दिली. पांढरी धुऊन आण.

"ती नदीवर गेली," हाजराबी म्हणाली. "दगडावर बसून रडली. आणि तिसऱ्या वेळी कोणी आलं नाही."

कुशाबाईच्या तोंडातला हुं तोंडातच राहिला. राजमहंमदची मान वर झाली.

"बगळे येतात, अम्मा," तो म्हणाला. "बगळे येतात आणि घोंगडी पांढरी होते. माझी आई सांगायची."

"नाही आले."

"का?"

"मुंग्या आल्या, बेडूक आला. दर वेळी कोण येणार? त्यांनाही आपली कामं असतील."

"मग ती काय करते?"

"बसून राहिली. अंधार पडायला आला. तिला आठवलं, आपल्याला एक मामा आहे. ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. घोंगडी काळीच होती." हाजराबीने जहाँआरापुढचा ताव उचलून बाजूला ठेवला. "मला इथवरच येते."

"अशी कशी अर्धी?" तो चिडला. "मामा काय म्हणाला?"

"ते मला काय ठाऊक? मामा तू आहेस."

तेवढ्यात मी जहाँआराच्या हातातून निसटले आणि फळीवर आपटले. चिंधी सुटली. हे मी मुद्दाम केलं असं म्हणायला मला आवडेल, पण केलं नाही. पोरीच्या बोटांत जोर नव्हता, एवढंच. राजमहंमदने त्या बोटांकडे पाहिलं. महिनाभर ती बोटं त्याच जगात होती, पण बघायला त्याला आधी बगळे चुकावे लागले. पुरुषांची अक्कल अशी फिरून फिरून येते.

तो उठला. जहाँआराही उठली, बोचकं घ्यायला.

"तू बस," तो म्हणाला. "तुझी पेटी तिकडं राहिलीय. ती घेऊन येतो."

गाडी गेली. संध्याकाळी पेटी आली आणि पोर आजीकडे राहिली.

हौशीरामाला हे कळलं तेव्हा तो धावत आला. पुढच्या बाजारी नवी गोष्ट आणली. तिच्यात पहिल्या वेळी कोणी आलं नाही, दुसऱ्या वेळी नाही, तिसऱ्या वेळीही नाही. बायका घोटत राहिल्या. हाजराबी म्हणाली, "अरे, दोनदा आणलंस तर तिसऱ्यांदा न आलेलं दिसतं. तुझ्या गावात कोणी येतच नाही, तर वाट कशाला बघायची?" त्याने ते वहीत लिहून घेतलं. समजलं असेल असं मला वाटत नाही.

लोक तीच दिवसाची गोष्ट पुन्हा सांग म्हणून मागे लागले. हाजराबीने सांगितली नाही. त्याच रात्रीपासून दिवाबत्तीनंतर तिचे बगळे पुन्हा येऊ लागले, घोंगडी पांढरी होऊ लागली आणि सून सासरी नांदू लागली. पुढे जहाँआराचा दुसरा संसार झाला, तीही तशाच सांगायची. आपल्या पोरींना तिने बगळ्यांशिवाय गोष्ट कधी दिली नाही. फक्त गोष्ट संपली की दिव्यापाशी एकेकीचा हात उलटा करून बोटं बघायची.

आता पडवी बंद आहे. गिरणीचा कागद सगळीकडे झाला आणि मला लोणच्याच्या बरणीवर ठेवलं आहे. मित्रांनो, माझ्यावर दया करू नका, मी तुमच्यापेक्षा टिकेन. एवढंच करा, बरणी उघडताना मला भुईवर आपटू नका. माझं एक अंग अजून सपाट आहे. त्याच्यावर बोट फिरवून बघा. उभा हात आणि आडवा हात दोन्ही तिथे कळतात, आणि कडेला एक चीर आहे, ती त्या दुपारची.