भिंतीपासून हातभर पुढे

मी एक जुना स्पीकर आहे. पण मित्रांनो, म्हणून लगेच खिशात मावणारी डबी डोळ्यांपुढे आणू नका बरं. मी जमिनीवर उभा राहतो आणि मोठ्या माणसाच्या कमरेला लागतो. अंगावर सागवान, छातीवर तपकिरी कापड आणि त्यामागे कागदाचा भलामोठा पडदा, जो थरथरला की आवाज होतो. आम्ही दोघे आहोत. माझा जोडीदार हुबेहूब माझ्यासारखाच आहे, फक्त त्याच्या पायाला उंदराने कुरतडलं आहे. तो विषय त्याच्यासमोर काढू नका.

आमचा जन्म नागपूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या सुताराने आमच्या फळ्या अशा घट्ट बसवल्या की आजही कुणी टिचकी मारली तर भरीव आवाज येतो, खुळखुळ नाही. असली कारागिरी आता बघायला मिळत नाही, हे मी स्वतःची बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहेच.

गोंदियाकडच्या केशोरी गावचा बिसराम तेव्हा तरुण होता. त्या वर्षी इटियाडोह धरणाचं पाणी त्याच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, खेळलं होतं आणि उन्हाळी धान असा पिकला की घरात ठेवायला जागा उरली नाही. बिसराम नागपूरला गेला आणि आम्हां दोघांना घेऊन आला. अर्जुनीपर्यंत रेल्वेने आणि पुढे बैलबंडीत, तणसावर म्हणजे पेंढ्यावर झोपवून. वाटेत ज्याने त्याने बंडी थांबवून विचारलं, बिसराम, या पेट्यांत आहे तरी काय? तो नुसता हसायचा. संध्याकाळी त्याने आम्हांला अंगणात उभं करून गाणी लावली, तेव्हा आळीतल्या बायका चुलीवरचं तसंच सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या.

बिसरामसारखा ऐकणारा मी पाहिला नाही. डोळे मिटायचा, उजवा हात गुडघ्यावर ठेवायचा आणि गाणं संपेपर्यंत माशी हाकलायलाही हात उचलायचा नाही. ऐकायचा तसाच गायचाही. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि मंडईत दंडार होते, म्हणजे गाणं, नाच, सोंगं, सगळंच. गावच्या दंडारीचा पहिला गण बिसरामच म्हणायचा. कोणतंही नवं गाणं आधी त्याच्या कानांवरून जायचं आणि मगच मंडईत. त्याचं एक बोलणं मला पाठ आहे.

"बोल समजले पायजे. बोल नाही समजले तं दंडार कायची?"

वर्षं गेली. एके दिवशी आमच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जळका वास आला आणि तो कायमचा बंद पडला. मित्रांनो, अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आमच्या अंगातलं बळ. तो नसला की आम्ही नुसत्या पेट्या. मग काय, माझ्या डोक्यावर तांदळाचा डबा आला आणि जोडीदाराच्या डोक्यावर इस्त्री. घरात टीव्ही आला, मोबाईल आले, बिसरामचे केस पांढरे झाले, त्याचा मुलगा लीलाधर बाप झाला. धूळ झटकायला फडकं घेऊन कुणी आलंच तर ती लीलाधरची बायको अंजू. ती पुसता पुसता माझ्या अंगावर उगाच टिचकी मारायची आणि आवाज ऐकून मान डोलवायची. तेवढ्यावर मी कितीतरी पावसाळे काढले.

या वर्षीची गोष्ट तिथूनच सुरू होते. दंडारीत गाणारा खेमराज नागपूरला कामाला आहे. त्याला सुट्टी मिळणार ऐन दिवाळीत, म्हणून त्याने नवं गाणं मोबाईलवर म्हणून पाठवलं. दंडारीचं सगळं बघणारा टेकचंद ते घेऊन आला आणि म्हणाला, बाबाजींनी, म्हणजे बिसरामने, एकदा ऐकावं आणि काय चुकतं ते सांगावं. मोबाईलचा आवाज तो केवढासा! लीलाधरला एकदम हुरूप आला. तो तडक गोंदियाला गेला आणि जुन्या सामानाच्या दुकानातून एक अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. बाप्पा, काय त्याचा थाट! समोर लाल-निळे दिवे, गाण्यावर नाचणारे. वरातीच्या गाडीत बसवतात त्या जातीचा होता तो.

आता नेमका तेव्हाच हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान घरात आला होता. आमच्याकडे धान घरात आला की माणसांनीही सरकून घ्यायचं, मग पेट्यांना कोण विचारतो? समोरची खोली पोत्यांनी भरली आणि आम्हां दोघांना दोन कोपऱ्यांत भिंतीला पाठ टेकवून कोंबलं. मला मागे श्वास घ्यायला बोटभर जागा नव्हती. तुम्ही कधी रिकाम्या माठात तोंड घालून बोलला आहात? कोपऱ्यात उभा केलेला स्पीकर तसाच बोलतो. आवाज मोठा होतो, पण बोलाला बोल चिकटतो.

दंडारीची मंडळी जमली. बिसराम मधोमध खुर्चीत बसला, डोळे मिटले, हात गुडघ्यावर. लीलाधरने आवाज चढवला. ढोलकी भिंतीवर आपटून परत येत होती आणि खेमराज तिच्याखाली कुठेतरी दबला होता. मला शरम वाटत होती, पण मी काय करणार? गाणं संपल्यावर बिसरामने डोळे उघडले आणि हळूच म्हणाला, "आवाज लय हाय. पन बोल उमजून नाही राहिले."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना बोल समजले होते. पुन्हा लावलं, आणखी मोठ्याने. बिसरामने पुन्हा मान हलवली. मग टेकचंद लीलाधरला बाजूला घेऊन म्हणाला, बाबाजींचे कान गेले गा, आता वय झालं. या वर्षी त्यांना शाल-नारळ देऊ, समोर खुर्चीवर बसवू, गण दुसरा कुणी म्हणेल. टेकचंद वाईट माणूस नाही. पण कान गेले असं ज्याच्याबद्दल चाललं होतं, त्याने चार हातांवर बसून त्यातला प्रत्येक शब्द ऐकला.

बिसरामने भांडण केलं नाही. इतक्या जणांना ऐकू आलं आणि आपल्यालाच नाही, म्हणजे कानच गेले, असं त्यानेही मानलं. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडू लागला. जेवायला हाक मारली तर उठायचा, आणि जेवून पुन्हा तसाच पडायचा. मला त्याची ती पाठ दारातून दिसायची. माझ्यामुळे त्याचा गण गेला होता, आणि मला हे कुणाला सांगता येत नव्हतं.

अंजूला मात्र चैन पडेना. ती कमी बोलते, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. एकदा ती मागच्या अंगणात धान पाखडत होती, आणि खाटेवरून, भिंतीकडे तोंड असतानाच, बिसराम म्हणाला की गाय दाव्याला हिसके देते आहे, बघ. अंजू गेली तर खरंच दावं सुटायला आलं होतं. ती परत आली आणि सूप हातात घेऊन दारात तशीच उभी राहिली. मग सरळ समोरच्या खोलीत आली, त्याच खुर्चीत बसली आणि नवऱ्याला म्हणाली, ते गाणं लावा बरं एकदा. लीलाधरने लावलं. अंजूने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"मले बी नाही उमजले," ती म्हणाली. "माये बी कान गेले का?"

लीलाधर म्हणाला, असं कसं, मला तर समजतं. तेव्हा तिने विचारलं की तुम्ही हे गाणं किती दिवसांपासून गुणगुणता? लीलाधर बोटांवर दिवस मोजू लागला. मित्रांनो, गंमत बघा. टेकचंदच्या मंडळींना गाणं मोबाईलवर ऐकून ऐकून पाठ होतं, म्हणून त्यांना ते ऐकू येत होतं. गाणं पाठ नसलेले दोघेच होते, सासरा आणि सून. मी तर तिला तिथेच नमस्कार केला असता, पण मला हात नाहीत.

गावातल्या श्यामलालची गाडी धान घेऊन गोंदियाला निघाली होती. अंजूने त्या गाडीत दिव्यांचा अ‍ॅम्प्लिफायर चढवला आणि म्हणाली, हा बदलून आणू, आणि याच्यासंगे एक स्पीकरही घ्या. लीलाधर कपाळाला हात लावून म्हणाला, अगं, तो कायले? ती म्हणाली की चप्पल घ्यायला जाताना पाय घरी ठेवून जातात का? अशा रीतीने ती दोघं पुढे बसली आणि मी धानाच्या पोत्यांवर आडवा पडून, आभाळ बघत गोंदियाला गेलो. जोडीदार अजून त्यावरून रुसतो.

लीलाधरने दिव्यांचा नग आणला होता ते दुर्गाप्रसादचं दुकान म्हणजे जुन्या यंत्रांचा बाजारच. त्याने मला बघितलं आणि कापडावरून हात फिरवला. "ऐसा माल अब कहाँ मिलता है, बहनजी," तो म्हणाला, आणि मी जरा ताठ झालो. पण अदलाबदलीत तो आणखी मोठा, आणखी दिव्यांचा नग काढू लागला. पूरा मोहल्ला सुनेगा, असं त्याचं म्हणणं.

अंजू म्हणाली, "मोहल्ल्याले नाही आयकवाचा, भाऊ. एका मानसाले आयकवाचा हाय."

दुर्गाप्रसादने हातातला नग परत ठेवला. मग त्याने वरचे नग बाजूला केले आणि खालून एक राखाडी, बिनदिव्याचा अ‍ॅम्प्लिफायर ओढून काढला. तो एवढा जड होता की लीलाधरला दोन्ही हात लावावे लागले. दुर्गाप्रसाद म्हणाला की जुन्यात वजन असेल तर समजायचं, आतला ट्रान्सफॉर्मर दमाचा आहे. अंजूने तरी त्याच्या शब्दावर घेतला नाही. तिने तो मला जोडायला लावला आणि गाणं न लावताच माझ्या छातीला कान लावून ऐकलं, कुठे घूं घूं होते का. आवाजाचं बटण हळूहळू फिरवून खरखर येते का पाहिलं. तार उजवीकडची डावीकडे लावून दोन्ही बाजू सारख्या बोलतात ना, ते तपासलं. मग गाणं चालू ठेवून निवांत चहा घेतला आणि झाकणावर हात ठेवून बघितलं, किती तापला. ती बाजारात वांगी घेतानाही अशीच घेते, एकेक देठ बघून. राखाडी भाऊ सगळ्यात पास झाला. त्याचा पहिला स्वर माझ्या अंगातून गेला तेव्हा मला माझं तरुणपण आठवलं.

पण घरी येऊन कोपऱ्यात उभा राहिलो आणि पुन्हा तेच. थोडं बरं, पण माठ तो माठच. अंजू खुर्चीत बसून ऐकत होती, तिने मान हलवली. मग पदर खोचला आणि म्हणाली, यांना पुढे घ्या. लीलाधर म्हणाला, मग धान कुठे ठेवू, डोक्यावर? तिने कोपऱ्यांकडे बोट दाखवलं. पोती मागे जाऊ द्या, स्पीकर पुढे येऊ द्या.

आणि काय सांगू मित्रांनो! आम्ही भिंतीपासून हातभर पुढे आलो, आमच्या जागी कोपऱ्यांत धानाची पोती रचली गेली, आणि भिंतीवर आपटून परत येणारी ढोलकी त्या पोत्यांनी गिळून टाकली. ज्या धानाने आम्हांला कोंडलं होतं, त्यानेच आमचा आवाज मोकळा केला. जोडीदाराच्या कुरतडलेल्या पायाखाली तिने विटेचा तुकडा सरकवला, म्हणजे तो डुलेना. आम्हां दोघांची तोंडं किंचित खुर्चीकडे वळवली. ती खुर्चीत बसायची, ऐकायची, उठून मला दोन बोटं सरकवायची आणि पुन्हा जाऊन बसायची. एवढं प्रेमाने मला कुणी कधी हलवलं नव्हतं.

बिसरामला बोलवायला गेली तर तो उठला नाही. म्हणाला, जाऊ दे बाई, कायले त्रास घेतेस. तिने येऊन गाणं लावलं, मोठ्याने नाही, घरात बोलतो तेवढ्याच आवाजात, आणि दार उघडं ठेवलं.

"धीरे धीरे ये रे पान्या, बांधी माझी नवी..." खेमराज आमच्या दोघांच्या मधोमध येऊन उभा राहिल्यासारखा गाऊ लागला. मी असा कधी गायलो नव्हतो. माझा जीव सगळा त्या मागच्या दाराकडे लागला होता. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. खाट करकरली. बिसराम चौकट धरून उभा राहिला. हळूहळू येऊन खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि उजवा हात गुडघ्यावर ठेवला.

गाणं संपलं.

"सांग त्या खेमराजले," बिसराम डोळे न उघडताच म्हणाला, "'बांधी' म्हनून श्वास नको तोडू. पानी तिथंच थांबते ना मंग."

लीलाधरने चटकन तोंड फिरवलं आणि पोतं सरळ करायला लागला, जे सरळच होतं. अंजू म्हणाली, "सांगते, मामाजी," आणि घाईने चहा ठेवायला गेली. चुलीपाशी ती रडली, हे मला ऐकू आलं. माझे कान कुठे आहेत ते विचारू नका.

संध्याकाळी टेकचंदला बोलावलं. त्याने खुर्चीत बसून गाणं ऐकलं, मग बिसरामच्या पायांना हात लावला आणि शाल-नारळाचा विषय पुन्हा काढला नाही. मंडईच्या दुपारी घरात कुणी नव्हतं, सगळे चौकात. दार उघडंच राहिलं होतं. आणि त्या दारातून, कोणत्याही यंत्राशिवाय, बिसरामचा गण आत आला. थकलेला होता, पण एकेक बोल धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. आयुष्यभर मी लोकांना ऐकवत आलो, त्या दुपारी मी नुसता ऐकत उभा राहिलो. माझ्यातून गेलेलं कोणतंही गाणं मला त्याहून आवडलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याच्या डोक्यावरचा डबा उतरवा, त्याला कोपऱ्यातून हातभर पुढे घ्या आणि त्याला झेपेल असा अ‍ॅम्प्लिफायर नीट पारखून आणा. आणि घरातलं कुणी म्हणालं की मला समजून नाही राहिलं, तर आवाज चढवू नका. अंजूने केलं तेच करा. आधी त्याच्या खुर्चीत जाऊन बसा.